शांघायचा न दिसलेला मनोरा

श्रोतेहो, नमस्कार.

‘मुंबईचं शांघाय करू’ हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी ऐकलंय. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना ते फार गाजलं होतं. आज मला त्या शांघायच्या एका दिवसाबद्दल बोलायचंय. ६ डिसेंबर २०१३.

शांघायच्या मधून हुआंगपू नदी वाहते. तिच्या पूर्वेला पुडोंग. १९९० पर्यंत तिकडे शेतं, गोदामं आणि गोद्या होत्या. गावातली माणसं म्हणायची, पश्चिमेला नुसती खाट मिळाली तरी चालेल, पण पूर्वेची खोली नको! आणि मग तिथेच मनोरे उभे राहिले. १९९४ मध्ये ४६८ मीटरचा टीव्ही टॉवर, १९९९ मध्ये ८८ मजली जिन माओ, २००८ मध्ये ४९२ मीटरची आणखी एक इमारत. ऑगस्ट २०१३ मध्ये ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरचा मुख्य सांगाडा पुरा झाला. नदीच्या अलीकडे मात्र जुन्या गल्ल्या पाडल्या जात होत्या. खिडकीतून लांब बांबू बाहेर काढायचा आणि त्यावर कपडे वाळत घालायचे, अशा त्या गल्ल्या. आपल्या चाळी आठवाव्यात अशा. त्या गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुख्य सांगाडा पुरा होऊन चार महिने झाले होते. ६ डिसेंबरला अलीकडच्या काठावरून पाहणाऱ्यांना तो मनोरा दिसेना. वारा पडला होता, त्यामुळे धूर जागच्या जागी साचत गेला. हवेतल्या बारीक कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. चीनची स्वतःची दिवसाची मर्यादा तेव्हा ७५ होती. मुलांना बाहेर सोडू नका, असं शाळांना कळवलं गेलं. बांधकामं थांबवावी लागली.

हा धूर आला कुठून? कोळशावरची वीजकेंद्रं, पोलादाच्या भट्ट्या, गाड्या, बांधकामाची धूळ. शिवाय शेजारच्या ज्यांगसू आणि चच्यांग प्रांतांतले कारखाने. हवेला प्रांताची हद्द कळत नाही, म्हणून जानेवारी २०१४ मध्ये या प्रांतांनी आणि शांघायनं मिळून काम करायचं ठरवलं. कोळशाचे बॉयलर बंद झाले, जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवल्या गेल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरात २०१६ पासून जहाजांना कमी गंधकाचं इंधन वापरायला लावलं. हे बंदराचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जहाजाच्या धुराकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ६२ होती, २०२१ मध्ये ती २७ वर आली. जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते, तेव्हा तिथंही बरंच काम उरलंय. पण शांघायकडून काही मागायचंच झालं, तर मी ही घट मागेन. थंडीतल्या सकाळी माहीमच्या किनाऱ्यावरून सी-लिंकचे खांब धुरक्यात शोधताना मला तीच आठवते.

नमस्कार.