मॅकग्रेगर: बंदी घातलेलं आडनाव

मंडळी, 3 एप्रिल 1603 ला एडिंबरामध्ये राजाची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे त्याचं सल्लागार मंडळ, बसली आणि तिने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे कोणीही लावायचं नाही, लावलं तर मृत्युदंड. दहा दिवसांपूर्वी इंग्लंडची एलिझाबेथ राणी वारली होती, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सला आता दोन्ही देशांचं राज्य मिळणार होतं आणि या हुकुमानंतर दोनच दिवसांनी तो लंडनला निघाला. एवढ्या गडबडीतही त्याला आधी हे काम उरकायचं होतं. बंडखोराला फाशी, त्याची जमीन जप्त, हे जगभर झालंय हो, पण अख्ख्या कुळाचं नावच गुन्हा ठरवायचं? मला या आडनावाचा इतिहास सांगावासा वाटला तो एवढ्यासाठीच.

आधी मूळ बघू. मॅक म्हणजे मुलगा, आणि ग्रेगर हे ग्रेगोरियस या लॅटिन नावाचं गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या भाषेतलं रूप, पोपांमुळे युरोपभर पसरलेलं. कुळाचं बोधवाक्य म्हणतं, "राजवंशी आहे माझं कुळ", आणि ते आपला धागा नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजाच्या घराण्याशी जोडतात. कुळाचा अभिमान मी समजू शकतो, पण कागद तिथपर्यंत जात नाहीत. कागदांच्या आधाराने आपण चौदाव्या शतकापर्यंत पोचतो, तिथे ग्रेगर नावाचा एक माणूस आहे आणि त्याचा मुलगा इयन, एका डोळ्याने अधू, तो 1390 ला वारला. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागात, तेव्हा बापाचं नाव दर पिढीला बदलायचं, पण या ग्रेगरचं नाव वंशजांना कायमचं चिकटलं आणि त्याचं आडनाव झालं.

त्यांचं गाव म्हणजे ग्लेन ऑर्की, पश्चिमेला आर्गाइलमध्ये लॉख ऑ या लांबलचक सरोवराच्या वरच्या टोकाला. ग्लेन म्हणजे डोंगरातली चिंचोळी दरी. आणि इथेच सगळ्याचं मूळ आहे असं मला वाटतं, कारण चौदाव्या शतकातला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या काळापासून या भागातल्या सनदा कॅम्बेल घराण्याकडे जात राहिल्या, मॅकग्रेगर मात्र आमचे बापजादे इथे तलवारीच्या जोरावर राहिले म्हणून जमीन आमची असंच म्हणत राहिले. तलवारीचा हक्क असा शब्दच होता गेलिकमध्ये. पण सोळाव्या शतकात दरबारात, कोर्टात विचारायला लागले कागद कुठेय, आणि कागद कॅम्बेलांकडे होता.

आता ही पहिल्यापासून दुश्मनी होती असं समजू नका, लोककथांमध्ये तसं सांगतात पण ते खरं नाही. शंभरेक वर्षं मॅकग्रेगर हेच ग्लेन ऑर्कीच्या कॅम्बेलांचे लढवय्ये होते, कॅम्बेल पूर्वेकडे पसरले ते यांच्याच बळावर. बिघडलं ते 1550 नंतर, कॉलिन कॅम्बेल गादीवर आल्यावर. ग्लेनस्ट्रेच्या मॅकग्रेगरांचा तरुण वारस ग्रेगर रॉय वयात आला, वडिलोपार्जित जमीन मागायला गेला, आणि कॉलिनने ती दिली नाही. मग हा तरुण डोंगरात गेला आणि कित्येक वर्षं मारामाऱ्या, जाळपोळ. शेवटी तो सापडला, आणि 7 एप्रिल 1570 ला कॉलिनने त्याचं डोकं उडवलं. त्याची बायको मॅरियन, ती स्वतः कॅम्बेल, ग्लेनलायनच्या डंकन कॅम्बेलची मुलगी. म्हणजे नवरा मारला तो माहेरच्यांनी. मांडीवरच्या बाळाला झोपवताना तिने म्हटलेला विलाप, अर्धी अंगाई अर्धा शोक, तो गेलिक गायक आजही गातात, साडेचारशे वर्षं झाली. सनदा, फर्मानं यापेक्षा त्या काळाची खरी साक्ष मला त्या गाण्यात ऐकू येते.

जमीन गेलेली माणसं काय करतात, गुरं पळवतात, लुटालूट करतात, आणि मॅकग्रेगरांनीही केली, त्यांना मी संत ठरवत नाहीये. 1589 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी राजाच्या जंगलाचा अधिकारी जॉन ड्रमंड याला मारलं, आणि म्हणतात की बलव्हिडरच्या चर्चमध्ये त्याच्या मुंडक्यावर हात ठेवून सगळ्या कुळाने शपथ घेतली की हा खून आमचा सगळ्यांचा. मग फेब्रुवारी 1603, लॉख लोमंडजवळ ग्लेन फ्रून. कुळाचा मुख्य, ग्लेनस्ट्रेचा अलास्डर मॅकग्रेगर, आणि शेजारचं कुळ, लसचे कोहून, यांची लढाई झाली, कोहूनांची शंभराच्या वर माणसं पडली, मॅकग्रेगरांची अगदी थोडी. बंदीचा हुकूम आला तो दोन महिन्यांच्या आत.

अलास्डर वर्षभर लपला. मग आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे कॅम्बेलांच्याच मुख्याने, वचन दिलं की मी तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोचवतो. आणि अक्षरशः पोचवलं, सरहद्द ओलांडून बर्विकला नेलं, वचन पुरं केलं, तिथून तसंच फिरवून एडिंबराला आणलं. 20 जानेवारी 1604 ला फाशी, बाकीच्यांपेक्षा त्याच्या स्वतःच्या उंचीइतकं वर टांगून, का तर तो मुख्य म्हणून. मरण्याआधी त्याने जबाब दिला की मला शेजाऱ्यांवर हल्ले करायला चिथावत होता तो हाच अर्ल. मला हा जबाब खोटा वाटत नाही, मरताना त्यातून त्याला काही मिळणार नव्हतं.

पुढची कलमं ऐका. ग्लेन फ्रूनला गेलेल्यांनी हत्यार बाळगायचं नाही, मांस कापायला टोक नसलेली सुरी तेवढी चालेल. मग चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. 1633 च्या कायद्याने तर पाद्र्यांनी ग्रेगर नावाने बाप्तिस्मा करायचा नाही, नोटरीने या नावाचा कागद करायचा नाही. म्हणजे ज्या कागदाअभावी यांची जमीन गेली त्या कागदावर आता यांचं नावसुद्धा लिहायचं नाही. लोकांनी मग दुसरी आडनावं घेतली, मरे, ड्रमंड, ग्रँट, स्टुअर्ट, आणि हो, कॅम्बेलसुद्धा, ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याचं नाव. चर्चच्या वहीत एक नाव, घरात दुसरं.

1661 ला दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली कारण यादवी युद्धात हे लोक राजाच्या बाजूने लढले होते, 1693 ला विल्यमच्या राज्यात ती परत लागली, आणि पूर्णपणे उठली ती 1774 ला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असलेला रॉब रॉय, याच कुळातला गाजलेला बंडखोर, जन्म 1671, मृत्यू 1734, त्यालाही आयुष्यातला बराच काळ आईचं कॅम्बेल हे आडनाव लावावं लागलं. त्याचं पूर्ण आयुष्य मी इथे सांगत बसत नाही.

1774 नंतर प्रश्न आला की मुख्य कोण. 826 मॅकग्रेगरांनी सह्या करून जॉन मरे याला आपला मुख्य मानलं, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातला अधिकारी. बघा, मुख्य झाला तरी आडनाव मरेच, कारण घराण्याने ते पिढ्यान्पिढ्या लावलेलं.

आणि इथे हा इतिहास आपल्या खानदेशात येतो. महिदपूरच्या लढाईनंतर होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना दिला, पण तापीकाठच्या थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला देईना. 27 फेब्रुवारी 1818 ला जनरल हिस्लॉपच्या फौजेने दरवाजे फोडले, आतल्या दिंडी दरवाजातून काही अधिकारी शरणागतीचं बोलणं चालू असताना आत शिरले आणि तिथे अरब शिबंदीशी झटापट झाली. रॉयल स्कॉट्स या ब्रिटिश पलटणीचा कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडला. आणि त्याच दिंडीत जबर जखमी झालेला दुसरा एक अधिकारी होता लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, म्हणजे या जॉन मरेचा मुलगा एव्हान. नंतर इंग्रजांनी शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिली, ज्यावर लंडनच्या पार्लमेंटमध्येसुद्धा प्रश्न विचारले गेले. शंका घ्यायला जागा आहे अशा परिस्थितीत एका माणसाला तडकाफडकी लटकवलं, आणि ते पाहायला त्या फौजेत होते अशा कुळाचे लोक ज्यांच्या मुख्याला वचन देऊन लटकवलं होतं. मला हे वाचताना फार त्रास झाला, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

एव्हान वाचला. 1822 ला राजाच्या परवानगीने घराण्याने मॅकग्रेगर हे आडनाव अधिकृतपणे परत घेतलं, आणि त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा स्कॉटलंडचा मुकुट आणि राजदंड किल्ल्यातून राजवाड्यापर्यंत नेताना पहाऱ्याचा मान या एव्हानला आणि त्याच्या मॅकग्रेगरांना मिळाला. ज्या शहरात अलास्डरला टांगलं, तेच शहर. कुळाची सोसायटीही त्याच वर्षी निघाली, ती अजून चालू आहे. एव्हान पुढे वेस्ट इंडिजमध्ये गव्हर्नर झाला आणि 1841 ला बार्बाडोसमध्ये वारला.

सगळे मात्र परत आले नाहीत. दोन-तीन पिढ्या मरे किंवा ड्रमंड म्हणून काढल्यावर कित्येक घरांनी तेच नाव ठेवलं, काही अमेरिकेला, कॅनडाला तसेच गेले. म्हणून आज स्कॉटिश वंशावळी शोधणारे जुन्या नोंदींमध्ये एक आडनाव आणि "उर्फ मॅकग्रेगर" अशा जोड्या शोधतात, आणि अलीकडे डीएनए चाचण्यांमधून काही ड्रमंडांना, स्टुअर्टांना कळतं की आपली पुरुषांची ओळ त्या एका डोळ्याने अधू असलेल्या इयनशी जुळते. या शोधाबद्दल कोणाला विचारायचं असेल तर विचारा, नोंदी कशा वाचायच्या ते मी दाखवू शकेन.