धरलेला हात, सुटलेला हात

हा काशाचा तराजू. शेजारी काशाचाच एक तुकडा. 'इमॅन्सिपेशन' म्हणजे मुक्ती, सुटका. या इंग्रजी शब्दाचा जन्म या दोन वस्तूंपाशी झाला.

शब्द मूळचा लॅटिन. 'मानुस' म्हणजे हात, 'कापेरे' म्हणजे धरणं. गुलाम, बैल, घोडे विकत घेताना रोमन माणूस वस्तूला हात लावून मालकी सांगायचा. या विधीला म्हणत 'मांकिपातिओ'. त्याच्या आधी 'ए' लागला, म्हणजे 'बाहेर', आणि शब्द झाला 'एमांकिपातिओ'. आपल्या 'हस्तगत'मध्येही हाच हात आहे. 'मुक्ती' मात्र 'मुच्' धातूपासून आली, म्हणजे सोडणं. त्यामुळे नुसतं 'मुक्ती' म्हटलं की कुणी धरलं होतं ते दिसतच नाही.

गंमत नव्हे, वस्तुस्थिती आहे: हा शब्द गुलामांसाठी नव्हताच. त्यांच्या सुटकेला 'मानुमिस्सिओ' म्हणत. 'एमांकिपातिओ' होता मुलांसाठी. रोमन बाप जिवंत असेपर्यंत मुलगा, केस पिकले तरी, त्याच्याच सत्तेखाली. सुटकेची वाट काढली ती इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यातून: बापाने मुलाला तीनदा विकलं, तर मुलगा मोकळा.

मग तीन खोट्या विक्र्या व्हायच्या. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला, सहावा तराजू धरून. विश्वासातला एक मित्र मुलाला धरतो, 'हा माझा' असं म्हणतो, काशाचा तुकडा तराजूवर आपटतो आणि तोच तुकडा किंमत म्हणून बापाला देतो. शब्द अगदी गुलाम विकत घेतानाचे. मित्र मुलाला सोडतो, की मुलगा पुन्हा बापाच्या ताब्यात. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या विक्रीला बापाची सत्ता संपते. इथे मित्राने थेट सोडलं तर मुलाच्या वारशावरचा, सोडणाऱ्याला आश्रयदाता म्हणून मिळणारा हक्क मित्राकडे जायचा, म्हणून तो मुलाला आधी बापाला परत विकतो आणि शेवटी सोडतो तो बापच. मुलीला आणि नातवंडांना एकच विक्री पुरे.

मोकळ्या झालेल्या मुलाचा जुन्या कायद्याने मिळणारा वारसा जायचा. पुढे प्रेटरांनी, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्यांनी, तो बराचसा परत दिला. इ.स. ५३१ मध्ये सम्राट जस्टिनियनने या विक्र्याच रद्द केल्या.

शब्द गुलामांपर्यंत पोचला तो फार नंतर. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण: १ जानेवारी १८६३. हा अमेरिकेचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा, 'इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन', पाच पानांचा, बंडखोर राज्यांपुरता. नववर्षाच्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा हात बधिर झाला होता. त्यांनी लेखणी खाली ठेवली, थोडं थांबले आणि मग पूर्ण नावाने सही केली.