मॉड्यूल गेलं म्हणण्याआधी

मंडळी, सुरुवात एका गाडीपासून करतो. मालगुंडच्या बाजूची गाडी, वर्षभर अंगणात आंब्याखाली उभी असते. श्रावणात एका रात्री तिचा वायपर आपोआप सुरू झाला. मग दरवाजांचं लॉक टकटक करायला लागलं, मग इंडिकेटर. सकाळी बॅटरी पार बसलेली. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, बीसीएम, म्हणजे दिवे-वायपर-लॉक सांभाळणारं मॉड्यूल (डबीत बसवलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड), प्रतिसाद देत नाही असं निदान झालं आणि नव्या मॉड्यूलचं एस्टिमेट निघालं. ते एस्टिमेट घेऊन मालक माझ्याकडे आले.

मी बोनेट उघडून पुढच्या काचेखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. आत आंब्याची पानं, वाळलेला मोहोर आणि शेवाळ यांचा ओंजळभर लगदा. काचेवरून ओघळणारं पाणी ज्या भोकातून चाकामागे खाली पडायचं, ते भोक पूर्ण बुजलेलं. पाणी तुंबलं की त्याला दुसरी वाट उरते ती ब्लोअरची. ब्लोअरमधून डॅशबोर्डच्या पोटात, आणि पुष्कळ गाड्यांत बीसीएम तिथेच बसवलेलं असतं. मॉड्यूलला तारा जोडणारा कपलर ओढून पाहिला तर पिना हिरव्यागार. तांब्याच्या भांड्याला चढतो तोच कळंक.

समोर आयटीआयची मुलं बसली आहेत, गाडीमालकही आहेत, म्हणून दोन शब्द सांगून पुढे जातो. इंजिनचं मॉड्यूल म्हणजे ईसीएम. पेट्रोल किंवा डिझेल किती आणि कधी सोडायचं हे ते ठरवतं. बीसीएम दिवे, वायपर, लॉक, काचा आणि बहुतेकदा चावीची ओळख सांभाळतं. अशी आणखी मॉड्यूल्स एका वळलेल्या तारांच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात. त्या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉश कंपनीने ती 1986 साली जगापुढे मांडली. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले, तसा गाडीतल्या या मेंदूचा पसारा वाढत गेला. कार्बोरेटरच्या जमान्यात शिकलेला हात आज इथे अडतो, हे मी माझ्या पिढीच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने सांगतो. अडला तरी तो शिकू शकतो, हेही सांगतो.

तर ते मालगुंडचं मॉड्यूल. पाण्याने बोर्ड नुसता भिजला तर तो बरेचदा वाचतो. भिजलेल्या बोर्डला बॅटरीचा पुरवठा चालू राहिला की नुकसान सुरू होतं. दोन पिनांमध्ये ओल असते, एकीवर 12 व्होल्ट, दुसरी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली. मग 12 व्होल्टच्या पिनेचं तांबं विरघळतं, दुसरीवर साचतं आणि झाडाच्या मुळीसारखं परत पहिलीकडे वाढत येतं. या खोट्या वाटेने करंट वाहिला म्हणून रात्री वायपर चालला. आणि मॉड्यूल झोपलंच नाही म्हणून बॅटरी बसली. लॉक करून अर्धा तास उभी राहिलेली गाडी साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत करंट ओढते. ही गाडी त्याच्या कितीतरी पट ओढत होती. त्यात आपल्या किनाऱ्याची हवा खारी. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून बाहेर ऊन पडलं तरी कपलरच्या आत वाळत नाही.

मी मॉड्यूल उघडलं. भिंग लावून पाहिलं तेव्हा कपलरच्या मागे केसाएवढी एक ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची रेघ, मधोमध खाऊन गेलेली दिसली. दोन्ही टोकांना तांबं, मध्ये काळा डाग. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि दात घासायचा मऊ ब्रश घेऊन सगळा कळंक काढला, पंख्याखाली वाळवलं, आणि तुटलेल्या ट्रॅकवर इनॅमलची बारीक तांब्याची तार दोन्ही टोकांना सोल्डर केली. वर संरक्षक लेप. मॉड्यूल बसवायच्या आधी मालकांना तांब्याभर पाणी आणायला सांगितलं, काचेखाली ओतलं आणि ते चाकामागे पडतंय का हे दोघांनी वाकून पाहिलं. पाण्याची वाट मोकळी केली नसती तर नवीन मॉड्यूलसुद्धा पुढच्या पावसात तिथेच भिजलं असतं. मिरगाच्या आधी आपण घर शाकारतो, पन्हळी साफ करतो. त्याच दिवशी ही जाळीही काढून साफ करा.

आता दुसरी गाडी, गुहागरकडची. चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवाच लागत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, स्कॅनरला ईसीएम सापडत नाही. कोणीही म्हणेल ईसीएम गेलं. इथे मुलांनो, घाई करायची नाही. ईसीएमला काम करायला आधी पुरवठा हवा आणि अर्थ हवा. कपलर काढायचा, वायरिंगच्या बाजूने पुरवठ्याच्या पिनेवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून पाहायचं. मल्टीमीटरवर भरवसा ठेवून फसाल, कारण तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र मिणमिणतो. हा बल्ब वायरिंगच्या पुरवठ्यालाच लावायचा, मॉड्यूलच्या पिनांना कधीच नाही. मग कपलर परत जोडायचा, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू करायचं आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजायचं. 0.1 व्होल्टच्या वर गेलं की अर्थचा बोल्ट उघडा. आपल्या गाड्यांत त्या बोल्टखाली गंजाची पापडी हमखास निघते.

गुहागरच्या गाडीत पुरवठाही चांगला, अर्थही चांगला. मग मी सेन्सरना जाणारे 5 व्होल्ट मोजले. ईसीएम स्वतः तयार करून हे 5 व्होल्ट बऱ्याच सेन्सरना एकत्र वाटतं. ते शून्याजवळ होते. मी एकेका सेन्सरचा कपलर काढत गेलो आणि माझ्या हाताखालचा मुलगा मीटरकडे पाहत होता. एसीच्या प्रेशर सेन्सरचा कपलर काढला आणि मुलगा ओरडला, "काका, आले पाच!" चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर बोलायला लागला. त्या सेन्सरची तार रेडिएटरजवळच्या पत्र्यावर घासून सोलली होती आणि बॉडीला टेकत होती. ईसीएम निरोगी होतं, एका तारेने त्याचा गळा धरला होता. काही गाड्यांमध्ये ही एक तार सगळं गप्प करते.

तिसरी तपासणी कॅनच्या तारांची. बॅटरी काढा आणि स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत 60 ओहमच्या आसपास यायला हवा, कारण दोन टोकांना 120-120 ओहमचे रोध समांतर असतात. 120 आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी चिकटल्यात. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघणाऱ्या गाड्यांत उंदीर या तारा कुरतडतात. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर स्कॅनरच्या आधी टॉर्च घ्या.

पुराबद्दल बोलल्याशिवाय चिपळूणच्या माणसाला राहवत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर लोक पहिलं काम काय करत होते, तर गाडीत बसून चावी फिरवत होते. जीव लावलेली वस्तू जिवंत आहे का हे बघायचा तो मोह मला कळतो. पण त्या एका चावीने इंजिनमध्ये शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं आणि भिजलेल्या बोर्डांना करंट पोचतो. गाडी बुडाली तर चावीला हात लावू नका. पाणी उतरलं की बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. मॉड्यूल्स खोलून घ्या, गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, मग अल्कोहोल, मग दोन दिवस पंखा. आणि वायरिंग विसरू नका. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं तारेच्या धाग्यांतून प्लॅस्टिकच्या आतून पाणी चढतं आणि महिन्याने कोरड्या दिसणाऱ्या कपलरमध्ये निघतं. एअरबॅगचं मॉड्यूल भिजलं तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, ते बदलायचंच.

एवढं सगळं करून मॉड्यूल खरंच गेलेलं निघतं, असंही होतं. प्रोसेसर जळालेला असतो, किंवा कोणी जंपस्टार्ट करताना बॅटरी उलटी जोडलेली असते. तेव्हा बदलावंच लागतं. पण बल्ब बदलतो तसं हे बदलता येत नाही. चावीच्या मुठीत एक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. चावी लावली की चिप आपला कोड सांगते, आणि तो जुळल्याशिवाय ईसीएम इंधन सोडत नाही. शिवाय ईसीएममध्ये गाडीचा 17 अक्षरी चासी नंबर असतो. कॉमन रेल डिझेलच्या अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र कोडही असतो. बऱ्याच गाड्यांत हे सगळं जुन्या मॉड्यूलच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतं, आणि बाकीचा बोर्ड मेला तरी ती आठ पायांची चिप बहुधा वाचलेली असते. तिच्यातला डेटा काढून त्याच पार्ट नंबरच्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये भरता आला, तर गाडीला आपलंच मॉड्यूल परत आल्यासारखं वाटतं. म्हणून जुनं मॉड्यूल भंगारात देऊ नका. नवीन बसवल्यावरही ते पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या.

हे काम आपल्या हातात चोराची किल्ली देतं, म्हणून आरसी आणि मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी मॉड्यूलला हात लावत नाही, ओळखीच्या माणसालासुद्धा नाही. किलोमीटरच्या आकड्याशीही खेळायचं नाही.

प्रोग्रामिंग करताना आपल्याकडची खरी अडचण विजेची आहे. मॉड्यूलमध्ये डेटा लिहिला जात असताना बॅटरीचं व्होल्टेज पडलं किंवा लॅपटॉप बंद झाला, तर बरं असलेलं मॉड्यूल कायमचं जाऊ शकतं. नुसत्या चार्जरवर विसंबू नका. गाडीची बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी, तिला आधार देणारा स्थिर पुरवठा इन्व्हर्टरवर हवा, लॅपटॉप चार्ज केलेला हवा. बाहेर ढग गडगडत असतील तर मी काम दुसऱ्या दिवसावर टाकतो, गिऱ्हाईक रागावलं तरी.

मागून एका मावशींनी चिठ्ठी पाठवली आहे. गाडी गावी असते, मॉड्यूल बदलायला सांगितलंय, काय काय तयारी ठेवावी? मावशी, आरसी काढून ठेवा आणि गाडीच्या सगळ्या चाव्या गोळा करा. बऱ्याच गाड्यांत चाव्या नव्याने शिकवताना जी समोर नसते ती पुसली जाते, मग ती दार उघडते पण गाडी चालू करत नाही. तुमची दुसरी चावी मुंबईला मुलाकडे असेल, तर काम गणपतीपर्यंत थांबवा, किंवा आजच त्याला फोन करून गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायला सांगा.