तंद्री लागते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. कादंबरी वाचत बसलेल्या माणसाला हाक मारून बघा. तो 'हं' म्हणतो, पण उठत नाही. माझी आई म्हणायची, "लागली हिची तंद्री!" मला आज या तंद्रीबद्दलच बोलायचं आहे.

२०१३ साली डेव्हिड किड आणि एमानुएले कास्तानो या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. लोकांना थोडं कथासाहित्य वाचायला दिलं आणि मग फोटो दाखवले. फोटोंत फक्त डोळे. त्यांवरून त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. दर्जेदार साहित्य वाचलेल्यांना ते जास्त जमलं. बातमी जगभर गाजली. पण २०१६ मध्ये इतर संशोधकांनी हे पुन्हा करून पाहिलं, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चार पानांत माणूस बदलावा ही अपेक्षाच जास्तीची होती.

२०१३ मध्येच नेदरलँड्समध्ये झालेला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी शेरलॉक होम्सची कथा वाचली. आठवडाभरानं पाहिलं, तर कथेत रमलेल्यांची सहानुभूती वाढली होती. ज्यांचं मन कथेत लागलंच नाही, त्यांची उलट कमी झाली होती! वाचलं किती, यापेक्षा रमलात का, हा प्रश्न मोठा ठरला.

हे वाचताना मला संस्कृत काव्यशास्त्राचे पंडित अभिनवगुप्त आठवले. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून त्यांनी 'सहृदय' कोणाला म्हणावं हे सांगितलं. काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि जो वर्णिलेल्या गोष्टीशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. सतत वाचणं आणि तन्मय होणं, दोन्ही हवं. किथ ओटली, रेमंड मार हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही २००६ मध्ये दिसलं, की कथा-कादंबऱ्यांशी जास्त परिचय असलेल्यांना दुसऱ्याचं मन अधिक नीट ओळखता येतं. अर्थात, मुळात मनकवडी असलेली माणसंच कथेकडे वळत असतील, हेही शक्य आहे.

म्हणून मुलांनी गोष्ट वाचून संपवली रे संपवली, की "यातून काय शिकलास?" असं लगेच विचारणं मला फार खटकतं. तो अजून त्या गोष्टीतल्या घरात असतो. आज रात्री तुमच्या घरी कोणी पुस्तकात डोकं खुपसून बसलं असेल, जेवायला येत नसेल, तर त्याचं ताट झाकून ठेवा. प्रकरण संपलं की येईल.