वाचनालयातला लोकांचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावात 1863 साली जन्मलेला एक मुलगा पुढे दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाड. आपल्या नाशिक जिल्ह्याचा हा सुपुत्र. त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. त्या शिक्षणाच्या पाठोपाठ त्यांनी केलेलं एक काम मात्र तितकं सांगितलं जात नाही, म्हणून आज सुरुवात तिथून करते.

महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन नावाचे एक ग्रंथपाल अमेरिकेहून बडोद्याला बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. शाळेत अक्षरओळख झालेल्या पोराच्या हाती पुढे पुस्तकच पडलं नाही, तर चार वर्षांत तो ती ओळख विसरतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. एका गावानं वाचल्या की पुढच्या गावाला. आणि गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल तर नियम साधा होता: काही रक्कम गावानं वर्गणीतून उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीनं द्यायची, आणि तेवढीच सरकारनं. तीन समान वाटे. राजाच्या तिजोरीत पैसा नव्हता म्हणून हा नियम आला असं मला वाटत नाही. गावानं पदरचे पैसे घातले की वाचनालय ‘सरकारचं’ राहत नाही, ‘आपलं’ होतं. ते बंद पडायला आलं तर चार माणसं धावून येतात.

हा जो गावाचा, लोकांचा वाटा, त्याच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. कारण आपल्या नाशिकमध्ये वाचनालयं आहेत, त्यांना सरकारी अनुदानही मिळतं, आणि तरी हा वाटा दिवसेंदिवस पातळ होत चाललाय.

आपल्या शहराला याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. आपलं सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे प्रेमानं ‘सावाना’ म्हणतात, ते 1840 सालचं. देशात पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती 1853 मध्ये. म्हणजे आगगाडीच्याही आधी या गावात वाचनालय होतं. आणि महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला 1967 साली, तो अमलात आला 1 मे 1968 पासून. मधल्या सव्वाशे वर्षांत गावोगावची अशी वाचनालयं कशावर चालली? सभासदांच्या वर्गणीवर, देणगीदारांच्या देणग्यांवर आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येऊन काउंटरवर बसणाऱ्या माणसांवर.

कायदा झाला हे चांगलंच झालं. आज राज्यात अकरा हजारांच्या वर ग्रंथालयं शासनमान्य आहेत, आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं. पण तमिळनाडूत आणि कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेतला जातो, तसा आपल्याकडे नाही. आपलं अनुदान येतं ते सरकारच्या अंदाजपत्रकातून, आणि ते किती, हे जरा आकड्यात पाहू. 2022 साली सरकारनं ग्रंथालयांचं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं. त्या वाढीनंतर सगळ्यात खालच्या, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाची वर्षाची रक्कम 30 हजारांवरून 48 हजारांवर गेली. यातली निम्मी पगारावर जाते. म्हणजे चोवीस हजार, महिन्याला दोन हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागेचं भाडं, बाइंडिंग.

श्रोतेहो, मी अशाच एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी काम करते, म्हणून हे जवळून सांगू शकते. या रकमेत दार उघडं राहतं. दिवा लागतो. वाचक आला तर त्याला पुस्तक मिळतं. पण जो वाचक दारापर्यंत येऊच शकत नाही, त्याच्याकडे जायला या हिशेबात एक रुपयाही नाही. घरपोच पुस्तकं, वस्तीतलं वाचन, मुलांची सुट्टीतली शिबिरं, लेखकांच्या भेटी, यांतल्या कशालाच त्या वहीत रकाना नाही. हे सगळं समाजाच्या वाट्यातून व्हायचं असतं. तो वाटा आला तर होतं, नाही आला तर होत नाही.

आमच्याकडच्या एका आजींचं सांगते. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतात. लाकडी जिना उभा आहे, गुडघे साथ देत नाहीत. चाळीसेक वर्षांच्या सभासद. येणं थांबलं तेव्हा त्यांनी वर्गणी मात्र भाच्याच्या हाती पाठवणं चालू ठेवलं. पुस्तक नेत नव्हत्या, तरी वर्गणी भरत होत्या. एका कॉलेजच्या मुलानं ते रजिस्टरमध्ये पाहिलं आणि स्वतःहून त्यांच्याकडे पुस्तकं न्यायला लागला. पहिल्याच खेपेला त्यानं आपल्या पसंतीनं दोन कादंबऱ्या नेल्या. आजींनी एक हातात घेतली, थेट सतरावं पान उघडलं, कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक चांदणी होती ती दाखवली आणि म्हणाल्या, “बाळा, ही माझी खूण. हे वाचून झालंय. दुसरं आण.”

वाचनालयाचे जुने सभासद असंच करतात. कुणी सतराव्या पानावर चांदणी काढतं, कुणी तेविसाव्या पानावर आकड्याखाली रेघ ओढतं, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायला नको. नियमानं पुस्तकावर काही लिहायचं नसतं, पण या खुणा पुसायचा धीर मला कधी झाला नाही. आता तो मुलगा पिशवी भरण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं सतरावं पान उघडून बघतो. आजींना आता ठळक टाइपाचं पुस्तक लागतं, तेही तो शोधतो. या सेवेला खर्च किती? थोडं पेट्रोल आणि आठवड्यातून त्याचा एक तास. आमच्या यादीत अशी आणखी नावं आहेत. पुस्तकं आमच्याकडे आहेत. कमी पडतात ती माणसं.

दुसरं उदाहरण शहराबाहेरचं. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची द्राक्षवेलींची छाटणी, सुरू झाली की पेठ आणि सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात. घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी, असं करत थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचा मुक्काम शेतावर असतो. बरोबर पोरं असतात. त्यांची शाळा गावी राहते आणि इथली शाळा परकी वाटते. गेल्या हंगामात आमच्यातले काही जण चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी घेऊन दिंडोरीकडच्या एका बागेवर जायला लागले. बागेच्या मालकांनी पॅकिंग शेडचा एक कोपरा मोकळा करून दिला, तोही समाजाचा वाटाच म्हणायचा. ही मुलं घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना कळते, पण जरा लांबची वाटते. मग आम्ही एक पान वाचायचं आणि त्यांच्यातल्या मोठ्या मुलीनं ते आपल्या बोलीत धाकट्यांना सांगायचं, अशी पद्धत आपोआप पडली. चौथी-पाचवीतली ती पोर सांगताना गोष्टीत नसलेली माणसंही घालायची, आणि धाकटे जास्त मन लावून ऐकायचे.

पुस्तकांची पेटी नाशिकला नवी नाही, हे तुमच्यातल्या अनेकांना आठवलं असेल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम 2009 मध्ये याच शहरात सुरू झाला. ग्रंथपेटी एखाद्या सोसायटीत, एखाद्या वाचक-मंडळात ठेवायची, तिथल्या लोकांनी वाचायची आणि ठरावीक काळानं दुसऱ्या मंडळाच्या पेटीशी बदलायची. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातसुद्धा या पेट्या पोचल्या, आणि नाशिकची ही कल्पना परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेली. तो सगळा डोलारा उभा राहिला लोकांच्या देणग्यांवर. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ लोकांनी पैसे दिले आणि त्यातून नवी पुस्तकं घेतली गेली.

‘नवी पुस्तकं’ या शब्दांवर मी मुद्दाम जोर देते. वाचनालयाला मदत करायची म्हटलं की आपल्याला माळ्यावरचं पोतं आठवतं. मनानं माणसं चांगलीच असतात, पण त्या पोत्यात बहुतेक वेळा जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, वाळवी लागलेले मासिकांचे गठ्ठे आणि पानं सुटलेले शब्दकोश निघतात. एक पोतं निवडायला दोन जणांची अख्खी संध्याकाळ जाते. शिवाय पुस्तक आलं म्हणजे लगेच वाचकाच्या हाती जात नाही. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, वर्गवारी करायची, तारखेची चिठ्ठी डकवायची, कव्हर घालायचं, आता संगणकावरही नोंदवायचं. एवढी मेहनत ज्या पुस्तकाला कुणी हात लावणार नाही त्याच्यावर खर्च होऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. म्हणून पुस्तकं द्यायची असतील तर आधी यादी द्या, ग्रंथपालांना निवडू द्या. किंवा तेवढे पैसे द्या आणि त्यांना विचारा, वाचक काय मागताहेत? त्यांच्याकडे मागणीची वही असते. आमच्या वहीत सध्या स्पर्धा परीक्षांची ताजी पुस्तकं आणि लहान मुलांसाठी मोठ्या चित्रांची पुस्तकं, हीच मागणी पानोपान आहे.

सभासद व्हा, हे तर सांगायलाच हवं. तुम्ही पुस्तकं विकत घेऊन वाचत असाल, मोबाइलवर वाचत असाल, तरी सभासद व्हा. आजीव सभासद होता आलं तर उत्तम. वर्गणीच्या पैशाचा मोठा गुण असा की तो वर्षभर, ठरल्या वेळी येतो आणि त्याच्या भरवशावर पुढचं ठरवता येतं. मोठी देणगी एकदा येते, तिचा सत्कार होतो, फोटो छापून येतो. पण दर शनिवारी दिंडोरीला जायचं असेल तर दर शनिवारच्या पेट्रोलची सोय लागते. दिवाळी तोंडावर आली आहे. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते, थोडे पैसे भरून ढीगभर अंक आलटूनपालटून वाचायला मिळतात. निदान तिथून सुरुवात करा.

सातपूर आणि अंबडच्या कारखानदारांनाही माझं एक सांगणं आहे. कंपनी कायद्यानुसार ज्या मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात, त्यांच्यासाठी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कामांची यादी आहे. त्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. तुमच्या कामगारांच्या वस्त्या सिडकोत आहेत, चुंचाळ्याला आहेत. तिथं एक अभ्यासिका, एक बालविभाग उभा राहिला, तर तिथल्या दहावीच्या मुलाला अभ्यासाला शांत जागा मिळेल. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असताना अभ्यास कसा होतो, हे त्या घरांत जाऊन आलेल्यालाच समजतं.

आणि तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं आहात, म्हणजे आवाजाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांची सतत गरज असते. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वाचता येईल, ऐकता येईल अशा रूपात पुस्तक आणायला मोकळीक मिळाली. हे काम दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांमार्फत करावं. निवृत्त शिक्षकांनी, नाटकात काम केलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. स्पष्ट उच्चार, पंखा बंद केलेली खोली आणि सवड, एवढंच भांडवल लागतं. मराठीत ऐकण्याजोगी पुस्तकं अजून फार थोडी आहेत, विशेषतः अभ्यासाची.

वार्षिक सभेबद्दल मात्र थोडक्यात बोलते. सभासद म्हणून तुम्हाला त्या सभेत बसायचा, हिशेब विचारायचा हक्क असतो. तिथं हॉल रिकामा असतो. जा, आणि विचारा की यंदा इमारतीबाहेरच्या वाचकांसाठी काय केलं, पुढच्या वर्षी काय करणार, आणि त्याला किती रक्कम बाजूला ठेवली. सभासद विचारायला लागले की अंदाजपत्रकात रकाना आपोआप तयार होतो, हे मी पाहिलंय.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तुमच्या गल्लीत, सोसायटीत वाचनाची आवड असलेलं पण घराबाहेर पडू न शकणारं कोण आहे, ते आठवा. त्यांना विचारा, पुस्तक आणून दिलं तर चालेल का. मग त्यांचं नाव, पत्ता आणि त्यांना काय वाचायला आवडतं हे एका चिठ्ठीवर लिहा, जवळच्या वाचनालयात जा, देवघेवीच्या काउंटरवर जो कुणी बसला असेल त्याच्या हातात ती चिठ्ठी द्या आणि सांगा, यांच्याकडे पुस्तक पोचवायला दर आठवड्याला मी येईन.

नमस्कार.