सरहद्द लेथपाशी सुरू होते

मंडळी, सरहद्द म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तारेचं कुंपण येत असेल. माझी नोकरी भोसरीच्या कारखान्यात, धातू कातणाऱ्या लेथ यंत्राच्या आवाजात गेली, माझ्यापुढे ड्रॉइंग येतं. अनोळखी गिऱ्हाइकाचं, बारीक टॉलरन्सचं, म्हणजे मापात केसाएवढाही फरक न चालणारं, पैसे आगाऊ देणारं.

ऑक्टोबर 2003. ‘बीबीसी चायना’ नावाचं जर्मन मालकीचं जहाज दुबईहून लिबियाला निघालेलं. ते इटलीच्या तारांतो बंदरात वळवलं, पाच कंटेनर उतरवले. आत सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करता येणाऱ्या वेगवान फिरत्या यंत्रांचे हजारो भाग. अणुतंत्रज्ञान चोरून विकणारं हे जाळं पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांचं, पण भाग झाले कुठं? मलेशियातल्या एका प्रिसिजन वर्कशॉपमध्ये! कंपनीचं म्हणणं, आम्हाला वाटलं तेल आणि वायू उद्योगाचं काम आहे. पुढच्या रांगेत आमचे टर्नर, लेथ चालवणारे कारागीर बसलेत. सांगा बरं, लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत धरलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवरून ती कुठं जाणार हे कळतं का? बघा, माना हलतायत. नाही कळत.

म्हणून तर विचारायला जागा हवी. आम्ही आम्लाच्या कामाचे, टेफ्लॉन अस्तराचे व्हॉल्व्ह करायचो. असे काही व्हॉल्व्ह स्कोमेट यादीत, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येणाऱ्या वस्तूंच्या सरकारी यादीत येतात, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो. आमचा येतो का, एवढंच मला विचारायचं होतं. एका कार्यालयानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. सात महिने! गिऱ्हाईक गेलं. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या शेडवाल्यानं हे सगळं पाहिलं आणि ठरवलं, आपण विचारायचंच नाही. त्या शेडवाल्याची मला आजही काळजी वाटते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कायद्याचं भराभर सांगतो.

खान प्रकरणानंतर एप्रिल 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 1540 क्रमांकाचा ठराव आला: अशी शस्त्रं आणि त्यांचं सामान भलत्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून प्रत्येक देशानं कायदे करावेत. आपला महासंहारक, म्हणजे अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक शस्त्रांबाबतचा कायदा 2005 चा. वस्तू यादीत नसली, तरी ती अशा शस्त्रासाठी जाणार हे माहीत असेल तर पाठवता येत नाही. परक्या देशातून परक्या देशात जाताना आपल्या बंदरातून जाणारा मालही त्यात आला. जानेवारी 2024 मध्ये आपल्या न्हावा शेव्यात चीनहून कराचीला चाललेलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन शस्त्रांसाठी असल्याच्या संशयावरून अडवलं. पाकिस्तान म्हणालं, साधं व्यापारी लेथ आहे. 2022 च्या दुरुस्तीनं पैसा पुरवणंही गुन्हा ठरवलं. चांगलं केलं. पण भोसरीच्या शेडवाल्यासाठी त्यात ओळ नाही.

म्हणून या कायद्यात दुरुस्ती सुचवणारा आमचा मसुदा आहे, दोन पानी. प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीत सल्ला खिडकी, ‘ही वस्तू यादीत येते का’ याला 30 दिवसांत लेखी उत्तर, आणि संशयास्पद ऑर्डर आपणहून कळवणाऱ्याला संरक्षण. दंडाबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलं.

प्रती दाराशी ठेवल्यात. खासदारांना द्यायच्या आहेत. टर्नर मंडळींनी आधी वाचाव्यात. 30 दिवस जास्त वाटले तर तिथंच खोडून कमी करा.