चालता गोठा विकत घेताना

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या गोव्यात वाळपई, सांगे, धारबांदोडा या बाजूला हल्ली एक जाहिरात वरचेवर दिसते. 'चालता गोठा जनावरांसह विकणे आहे.' सोबत विहीर, थोडं कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, गड्याची खोली, कधी एखादा घोडासुद्धा. आखातातून परतलेले, बोटीवरून निवृत्त झालेले लोक ती वाचतात आणि मला विचारतात, घ्यावा का? माझं आयुष्य जनावरांच्या औषधपाण्यात गेलं, म्हणून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि आज ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जरूर घ्या. पण पैसे मोजण्याआधी सलग तीन धारा बघा. संध्याकाळची, पहाटेची, आणि पुन्हा संध्याकाळची.

कागदांचं आधी उरकून घेतो. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा काढा, त्यात कुळाचं नाव आहे का बघा. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं घर आहे का, हे मात्र जागेवर जाऊनच बघा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर 2023 च्या कायद्यानं निर्बंध आहेत. सत्तरी तालुक्यात जमीन अल्वाराची, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारनं कसायला दिलेली आहे का, हा पहिला प्रश्न वकिलाला विचारा. आणि आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून लग्न झालं की दोघांच्याही मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा वाटा सहसा धरतात. म्हणजे विकणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोची सही लागते, भावाची लागते, भावजयीचीही लागते. चार भाऊ असतील तर आठ सह्या. एक राहिली तरी सौदा अडकला.

आणखी एक गोष्ट कागदात दिसत नाही. गुरं रोज चरायला कुठं जातात? ती जमीन सौद्यात आहे का? बहुतेक वेळा नसते. शेजाऱ्याचा माळ असतो, नाहीतर जंगल खात्याचं रान. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, आणि त्याच्या हद्दीजवळच्या वाड्यांवर हा प्रश्न मोठाच आहे. माळ आपला नसेल तर चारा विकत घ्यावा लागणार, आणि चारा विकत घेतला की दुधाचा सगळा हिशेब बदलतो.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे, त्याकडे येतो.

सत्तरीतल्या एका वाड्यावर एक आजी होत्या. गवळ्याचं घर. यजमान वारलेले, मुलगा वास्कोला नोकरीला. गोठ्यात 9 म्हशी, 4 श्वेत कपिला गाई, आणि मुलानं वरातीला भाड्यानं द्यायला घेतलेली एक घोडी. आजींचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी गोठा द्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक आलं बार्देशातून. कुवेतला मेकॅनिक म्हणून राबून परतलेला माणूस, सोबत हिशेबाला पक्का असा मेव्हणा. जनावरं तपासायला त्यांनी मला नेलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

दुपारी पोचलो. मेव्हण्यानं वही उघडली आणि पहिल्यांदा भावच विचारला. आजी म्हणाल्या, "जमीन पळून जात नाही रे पुता. आज राहा. धार बघ, मग बोलू."

श्रोतेहो, जनावरांच्या बाजारातली जुनी युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. गिऱ्हाईक सकाळी येणार असेल तर आदल्या संध्याकाळची धार काढायचीच नाही. कास तुंबते, भरलेली दिसते, आणि दोन वेळचं दूध एकदम चरवीत पडतं. म्हणून तर सलग तीन धारा बघा म्हणतो. पहिल्या धारेला फसवता येतं, तिसरीला येत नाही.

पण आजींची तऱ्हा वेगळी होती. धारेला बसण्याआधीच प्रत्येक म्हशीपाशी थांबून त्या सांगत गेल्या. "ही दुसऱ्या वेताची. आता चार लिटर देईल, पहाटे थोडं जास्त." तेवढंच निघालं. "ही दिसायला सगळ्यांत देखणी, पण भाकड आहे. दिवाळीपर्यंत तिच्याकडून काही मागू नको." "ही लाथ मारते. कास सुजली होती तेव्हापासून मागचा एक सड दुखरा आहे तिचा." मेव्हणा भराभर लिहून घेत होता आणि प्रत्येक ओळीपुढे वजाबाकी करत होता. मग आजींनी आम्हाला विहिरीवर नेलं, आणि आतला एक काळा दगड दाखवला. "मे महिन्यात पाणी ह्याच्या खाली जातं. तेव्हा 14 जनावरांना पुरत नाही. खालच्या झरीवरून आणावं लागतं."

गाईंचं दूध बघून मेव्हणा म्हणाला, दिवसाला दोन-तीन लिटर देणाऱ्या गाई ठेवून काय करायचं, ह्या काढून टाकू. इथं मात्र मी मध्ये बोललो. श्वेत कपिला ही आपल्या गोव्याची गाय. नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, लहान चणीची, आपल्या पावसाला आणि आपल्या रानाला सरावलेली. 2020 साली तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. परदेशी रक्ताची गाय जास्त दूध देते, मान्य. पण तिला पंखा लागतो, पेंड लागते, डॉक्टर लागतो. ही गाय सकाळी रानात जाते आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येते. गोव्यात गोठा करणाऱ्या प्रत्येकानं निदान एक श्वेत कपिला ठेवावी, असं माझं ठाम मत आहे, आणि माझं ऐकणाऱ्यांनी ठेवल्या आहेत.

पहाटे साडेतीनला म्हशी उठल्या. बार्देशकर हौसेनं चरवी घेऊन बसला. दुसऱ्या वेताची तीच म्हैस, जिनं रात्री चार लिटर दिलं होतं, तिनं पान्हा चोरला. थेंब नाही. तो घामाघूम झाला. आजी भिंतीला धरून आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, दोन शब्द बोलल्या, आणि कास मोकळी झाली. "तुझा हात तिला ठाऊक नाही. माझ्या गड्याला महिनाभर तरी ठेव, आणि रोज त्याच्या शेजारी बस. बोलत राहा तिच्याशी. आवाज ओळखीचा झाला की देईल."

मग घोडी. आजींनी तिला फरसबंदी अंगणात आणायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "डोळे मिटा. नुसतं ऐका." गड्यानं तिला सरळ चालवत नेली. टप, टप, टप, आणि चौथं पाऊल हलकं. पुन्हा टप, टप, टप, आणि हलकं. डोळे उघडले तर पुढचा उजवा पाय टेकताना ती मान वर उचलत होती. पुढच्या पायानं लंगडणारा घोडा असाच ओळखतात. दुखरा पाय जमिनीला लागला की मान वर जाते. मातीत हे चटकन कळत नाही, दगडावर कानाला कळतं.

घोड्याचा विषय निघाला आहे, तर थोडं बाजूला जातो. आपला गोवा म्हणजे एके काळी घोड्यांचं मोठं बंदर. अरबस्तान आणि होर्मुझहून घोडे इथं उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यात ह्या व्यापाराच्या जकातीचं आकर्षण मोठं होतं. फर्नाव नुनिश नावाचा पोर्तुगीज घोडेव्यापारी विजयनगरात राहिला होता. तो लिहितो, की साळुव नरसिंह राजा वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे द्यायचा. नुसतं शेपूट आणून दाखवलं की पुरे. राजाला सैन्यासाठी घोडे हवे होते, व्यापाऱ्यानं धोका पत्करावा म्हणून त्यानं तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. आपल्या शाळांत पोरांना हा इतिहास शिकवायला हवा. मांडवीच्या काठावर वाढणाऱ्या मुलाला इथं कधीकाळी घोडे उतरत होते हे माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर आजी. आता मेव्हण्याला राहवलं नाही. वही मिटून तो म्हणाला, "आजी, तुम्ही सगळं वाईटच सांगताय. आम्ही पैसे कमी देऊ ना अशानं!"

आजी म्हणाल्या, "दे कमी. आज मी लपवलं तर श्रावणात तुला कळेलच. तेव्हा मी वास्कोला मुलाकडे असेन. तुझा राग माझ्यापर्यंत येणार नाही. मार म्हशीला बसेल."

श्रोतेहो, जनावरांचे इतके सौदे पाहिले, पण असं कारण सांगणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. दोष लपवला तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं, एवढाच विचार आपण करतो. पुढे त्या दावणीला बांधलेल्या मुक्या जिवाचं काय होतं, हा विचार आजींनी केला.

तिसरी धार झाली आणि सौदा ठरला. घोडीचे आणि भाकड म्हशीचे पैसे उतरले, बाकीच्यांचा आजींनी सांगितला तोच भाव. घासाघीस नाही. आजींच्या अटी दोन. गडी कामावर राहील, आणि ताबा गोरवांच्या, म्हणजे दिवाळीतल्या गुरांच्या पाडव्यानंतर. त्या दिवशी गुरांना ओवाळायचं, माळा घालायच्या, पोळे खाऊ घालायचे, ते ह्या वर्षीचं त्यांना स्वतःच्या हातानं करायचं होतं.

गडी आजही तिथं आहे. घोडीचा पाय खुरातल्या सडण्यामुळे दुखत होता. आपल्या पावसाळी ओलीत ते होतंच. खूर साफ करून, कोरड्या जागी बांधून ती बरी झाली. भाकड म्हैस दिवाळीनंतर व्याली.

आता उरलेलं भराभर सांगतो. प्रत्येक जनावराच्या कानात 12 अंकी बिल्ला असतो. तो नंबर खरेदीच्या कागदात लिहून घ्या, नाहीतर दाखवलेली म्हैस एक आणि दारात उतरलेली दुसरी. ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्या, तो आजार माणसालाही होतो. लाळ-खुरकत आणि घटसर्पाच्या लसींच्या तारखा विचारा. गोठ्यात धिरयोसाठी, म्हणजे झुंजीसाठी पोसलेला रेडा असेल तर घेऊच नका. उच्च न्यायालयानं 1996 साली धिरयोवर बंदी घातली, ती योग्यच होती, परंपरेचं नाव घेऊन कुणी काही म्हणो. आणि भाकड झालेली गाय रस्त्यावर सोडायचा विचार ज्याच्या मनात आहे, त्यानं कृपा करून गोठा घेऊ नये. रात्री महामार्गावर बसलेली गुरं आपण सगळे बघतो. ती कुणाच्या ना कुणाच्या दावणीचीच आहेत.

गोठा बघायला जायचं तर मे महिन्यात जा, विहिरीचं खरं पाणी तेव्हाच कळतं. ताबा घ्यायचा तर भाताची कापणी होऊन पेंढा भरून झाल्यावर. भर पावसात जनावरांची जागा बदलू नका. आणि मुक्कामाची तयारी करून जा, म्हणजे तिन्ही धारा बघून होतील. संध्याकाळची, पहाटेची, आणि पुन्हा संध्याकाळची.

नमस्कार.